गाळलेलं वाक्य

उरणची माणसं तीनच्या सुमाराला निघाली तेव्हा अवधूतच्या तोंडाची चव पार गेली होती. तसं पाहिलं तर तक्रारीला जागा नव्हती. पूर्वी नावाच्या पुतणीची सुपारी फुटली होती, स्थळ चांगलं होतं, आणि धाकट्या भावाने, जीवनने, गावच्या घरापुढे मांडव टाकून पन्नास माणसांचं जेवण नीट उरकलं होतं. पण मुलाचा बाप चपला घालता घालता थांबला आणि अवधूतला म्हणाला, "टीव्हीवर त्या सापाच्या लशीबद्दल बोलल्या, त्या डॉक्टरीणबाई तुमच्याच ना? फार छान बोलल्या हो." अवधूत हसला. मग त्या भल्या माणसाने अगदी सरळ मनाने विचारलं, "तुम्हीपण डॉक्टरच का?"

सोळा वर्षं पनवेल आणि आसपासच्या गावांचे ताप उतरवलेल्या माणसाला हे ऐकायला लागावं, यापरता अपमान नाही. करंजाडेच्या दवाखान्याच्या पाटीवर अजून त्याचंच नाव वर होतं, बायकोचं, किशोरीचं, खाली. पण आत आल्यावर पेशंटना पहिल्यांदा दिसायचं ते वर्तमानपत्राचं कात्रण. कंपाउंडरने ते आपल्या बुद्धीने प्लास्टिकमध्ये घालून भिंतीला लावलं होतं. फोटोत किशोरी माईकपुढे उभी, आणि खाली लिहिलेलं: ‘डॉक्टरांनी दवाखान्याबाहेर बोललं पाहिजे’. अवधूतने दोनदा ते काढून ठेवलं. दोन्ही वेळा कंपाउंडरने पुन्हा लावलं, आणि दुसऱ्या वेळी अधिक मोठा खिळा ठोकला.

या सगळ्याचं मूळ खारघरच्या वर्गात होतं. एका कॉलेजच्या हॉलमध्ये महिन्यातून दोन शनिवार हा वर्ग भरायचा आणि कुमुद सबनीस नावाच्या निवृत्त डॉक्टरबाई तो चालवायच्या. दवाखान्यात बसून डॉक्टर एकेक माणूस बरा करतो, पण औषधच गावापर्यंत पोचत नसेल तर कुणापुढे जाऊन उभं राहायचं, काय मागायचं, किती मिनिटांत मागायचं, हे तिथे शिकवत. जीवन त्याला ‘बोलायची शाळा’ म्हणायचा. शंभरावर डॉक्टरांतून पंधरा घेतले. अवधूतने अर्ज केला होता. किशोरीनेही केला होता. किशोरीला घेतलं.

आणि कुणालाही न सांगितलेली गोष्ट अशी, की दोन्ही अर्ज अवधूतनेच लिहिले होते.

किशोरी बाळंतपणांची डॉक्टर. त्या आठवड्यात तिला जेवायलाही फुरसत नव्हती. "तुझाही भरून टाकतो, दोघं बरोबर जाऊ," असं तोच म्हणाला होता, आणि तिने लेबर रूमच्या दारात, हातमोजा काढून, न वाचता सही ठोकली होती. स्वतःच्या अर्जात त्याने आपली शिबिरं लिहिली, सत्कार लिहिले, रोटरीचं मानपत्र जोडलं. पान भरून वाहिलं. मग तिचा कागद पुढे ओढला आणि त्याला काही सुचेना. ‘तुमच्या हातून निसटलेला एक रुग्ण’ असा प्रश्न होता. स्वतःच्या अर्जात त्याने तिथे कुठल्याशा म्हाताऱ्याचा दमा लिहिला होता. तिच्या अर्जात मात्र हात आपोआप चालायला लागला आणि एका दमात पान लिहून मोकळा झाला. तिच्या नावाखाली ते लिहिता आलं, स्वतःच्या नावाखाली कधीच आलं नसतं. निवड त्या पानाची झाली, आणि गेले पाच महिने अवधूत आपल्याच लिखाणावर जळत होता.

*

अवधूतच्या आईला, सखूबाईलाही बरं वाटत नव्हतं. डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहून तिने अवधूतला डॉक्टर केलं होतं. मिठागरावरच्या बायका तेव्हा हसायच्या, आगऱ्याचा पोर आणि डाक्तर म्हणे. त्यांची तोंडं बंद झाली तो दिवस तिच्या आयुष्यातला सगळ्यात गोड दिवस होता. आता त्याच बायका येऊन सांगायच्या, "सखू, तुजी सून काय बोलली गो टीव्हीवर." मुलाबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. सून वाईट नव्हती. घरात राबायची, सासूचं पथ्यपाणी बघायची, म्हणून तर जास्त राग यायचा. वाईट असती तर निदान चारचौघांत बोलता आलं असतं.

पाहुणे गेल्यावर घरची माणसं मांडवात सतरंजीवर टेकली. जीवनने विषय काढला. वहिनी उद्या अलिबागला जिल्ह्याच्या आरोग्य समितीपुढे बोलणार आहेत, आणि वर्गात त्यांना असा अभ्यास दिलाय की आधी दहा-पंधरा साध्या माणसांपुढे बोलून दाखवायचं. मग आत्ताच होऊन जाऊ दे, असं त्याचं म्हणणं. किशोरी नको म्हणाली. थकलेय म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग जरा उतरला, आणि ते सखूबाईने बरोबर टिपलं.

अडखळेल, असं सखूबाईच्या मनात आलं. कॅमेऱ्यापुढे बोलणं वेगळं आणि घरातल्या जाणत्या बायकांपुढे बोलणं वेगळं. एकदा अडखळू दे, म्हणजे सगळ्यांना कळेल की हीदेखील आपल्यासारखीच. म्हणून तिने मुद्दाम नणंदेला, कृष्णाबाईला, हाक मारून पुढे बसवलं. "वन्स, तुमी पुढं या. तुमाला कळलं म्हंजे कुनालाबी कळंल."

कृष्णाबाई पुढे येऊन बसली. अवधूत-जीवनची ती आत्या. दोन पावसाळ्यांपूर्वी तिचा एकुलता एक मुलगा मिथुन गेला, वय तेवीस. मिठागरावरच्या खोपीत राखणीला झोपला होता. सकाळी सोबत्याने, गणूने, बघितलं तर पापण्या उघडत नव्हत्या आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. जवळच्या आरोग्य केंद्रात नेलं, तिथे लशीची एकही बाटली नव्हती. वाशीच्या पुलावर गाडीतच श्वास थांबला. मण्यार चावली असणार, असं मोठ्या दवाखान्यातल्यांनी नंतर सांगितलं. तेव्हापासून कृष्णाबाई फार बोलत नसे, पण घरात काही ठरायचं असलं की सगळे तिच्याकडे बघत.

तिने तबकातली एक अख्खी सुपारी उचलली आणि किशोरीच्या तळहातावर ठेवली. ही घरतांच्या घरातली रीत होती. नव्या शहरासाठी जमिनी गेल्या, तेव्हा भाऊ भावाशी खोटं बोलायला लागले. त्या दिवसांत कृष्णाबाईच्या बापाने, आनंदा घरताने, सगळ्यांना एका जागी बसवून ठरवून दिलं होतं की घरच्या बैठकीत बोलायचं तर सुपारी हातात धरून, आणि सुपारी हातात असेपर्यंत खोटं बोलायचं नाही. म्हातारा जाऊन वीस वर्षं झाली होती. रीत कुणी मोडली नव्हती.

*

सुपारी हातात आली आणि किशोरीला आपल्या नावाचा तो अर्ज आठवला.

तो अर्ज तिने पहिल्यांदा ऐकला तो खारघरच्या हॉलमध्ये, पहिल्याच शनिवारी. कुमुदताईंनी तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचला. पहाटे पाचला पोटदुखी घेऊन आलेला तरुण, त्याला दिलेलं पित्ताचं इंजेक्शन, आणि ‘कुठे झोपला होतास’ हा न विचारलेला एक प्रश्न. मण्यारीचा दंश दुखत नाही, खूण दिसत नाही, आणि कधीकधी सुरुवात नुसत्या पोटदुखीने होते, हे माहीत असूनही त्या वेळी न आठवणं. ऐकता ऐकता तिला कळलं की हा मिथुन आहे. मिथुन त्या पहाटे आपल्या दवाखान्यात आला होता, आणि वरच्या घरातून खाली उतरून त्याला तपासणारा माणूस आपला नवरा होता. केसपेपर केला नव्हता, नर्स नव्हती, म्हणून कुणालाच पत्ता नव्हता. वाचून झाल्यावर कुमुदताई म्हणाल्या, स्वतःची चूक जिला अशी मांडता येते, तिलाच सरकारची चूक दाखवायचा अधिकार. सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या.

तेव्हाच उठून सांगायला हवं होतं. ती उठली नाही. नवऱ्याला उघडं पाडायचं नाही, हे कारण तिने स्वतःला दिलं, आणि ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं असं, की त्या टाळ्या तिला आवडल्या. आयुष्यभर अवधूतच्या पाटीखाली दुसऱ्या ओळीत राहिलेल्या बाईला त्या हव्या होत्या. मग पुढचा शनिवार आला, टीव्हीवाले आले, आणि परत फिरायची वाट राहिली नाही. घरी दोघांनी तो विषय काढला नाही. ती विचारेल म्हणून तो गप्प, आणि तो सांगेल म्हणून ती गप्प, असे पाच महिने गेले.

तिने सुपारी मुठीत धरून आकड्यांनी सुरुवात केली. किती केंद्रं, किती दंश, किती बाटल्या. सगळं खरं होतं, म्हणून जीभ नीट चालली. कृष्णाबाईने हात वर केला.

"मना आकडं कळत नाय गो. येका मानसाचं सांग."

कुमुदताईही हेच म्हणायच्या. एक माणूस, एक मागणी, तीन मिनिटं. आणि माणूस तोच, ज्याला तुम्ही स्वतःच्या हाताने तपासलंय.

किशोरीने तबक जवळ ओढलं, सुपारी हळूच त्यात ठेवली आणि पदराने घाम पुसला. सगळ्यांना वाटलं, घाम पुसायला ठेवली. "माझ्याकडे एक तरुण आला होता," तिने सुरुवात केली. पुढचं सगळं तिला पाठ होतं. तो कसा वाकून उभा होता. इंजेक्शन घेतल्यावर कसा हसला आणि स्वतः मोटारसायकल चालवत परत गेला. आरोग्य केंद्राच्या फ्रिजमध्ये नुसती पाण्याची बाटली होती, ही बाब नंतर कशी कळली. मिथुनची ओळख पटेल असं एक वाक्य तेवढं तिने गाळलं. शेवटी मागणी आली. दर केंद्राच्या दारावर फळा लावा आणि आज लशीच्या किती बाटल्या शिल्लक आहेत ते त्यावर रोज सकाळी लिहा, म्हणजे माणूस मरत असताना नातेवाइकांना गावोगाव फिरायला लागणार नाही.

कृष्णाबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "कुनाचं पोर व्हतं गो ते?" तिने विचारलं, आणि किशोरीने तबक दूर सारलं.

*

अवधूतने सगळं पाहिलं होतं. सुपारी खाली ठेवली तेही पाहिलं होतं. त्याला भीती वाटायला हवी होती. पण आईने डोळ्यांना पदर लावला आणि त्याच्या मनात भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी उसळलं. आई रडत होती. डॉक्टर झाला त्या दिवशीसुद्धा आई त्याच्यासाठी रडली नव्हती, तांदळाच्या भाकऱ्या भाजत बसली होती. आता ती त्याच्याच वाक्यांवर रडत होती आणि बघत होती सुनेकडे.

जीवनने मांडी थोपटली. "वहिनी, काय लिहिलंय. आमच्या दादाला सात जन्मांत असं जमणार नाही."

"ते तिने लिहिलेलं नाही," अवधूत म्हणाला. "मी लिहिलंय."

जीवन हसला. त्याची मुलगी पूर्वीही हसली. दादाला बायकोचं कौतुक सहन होत नाही, हे घरात गुपित नव्हतं, आणि जीवनने ते हसत हसत बोलूनही दाखवलं. किशोरी मात्र अवधूतकडे बघून मान हलवत होती, नको, नको, असं. त्याला ते दिसलं. दिसूनही थांबता आलं नाही, कारण त्याला वाटलं, ही आपली टाळी वाचवतेय.

त्याने तबकातून सुपारी उचलली.

"ही बघा, हातात आहे. शब्द न् शब्द माझा आहे. तिने नुसती सही केली. आणि त्यातलं सगळ्यात चांगलं वाक्य आज तिने गाळलं, हेही सांगतो." तो वाक्य म्हणायला लागला तेव्हा त्याचा आवाज चढलेला होता, एखाद्या शाळकरी पोराला बक्षीस नाकारल्यावर चढतो तसा. "त्याच्या पायातल्या उजव्या चपलेचा पट्टा तुटलेला होता आणि तो जाळ्याच्या निळ्या नायलॉन दोऱ्याने शिवलेला होता, इतक्या बारीक टाक्यांनी, की मी पायाकडे बघत राहिलो आणि त्याच्या डोळ्यांकडे बघायचं राहून गेलं."

एवढं बोलून त्याने सगळ्यांकडे पाहिलं. वाक्य कसं वाटलं, हे बघायला त्याने पाहिलं होतं. आपण काय करून बसलो, ते त्याला कृष्णाबाईच्या चेहऱ्यावर दिसलं.

"तो दोरा मी शिवला व्हता," ती म्हणाली.

सखूबाईला सगळ्यात आधी उमगलं, कारण तो दोरा सुईत ओवून द्यायला तीच शेजारी बसलेली होती. तिने "वन्स" एवढंच म्हटलं.

"मिथुन तुज्याकडं आला व्हता, बाला?"

सुपारी अवधूतच्या हातातच होती. खाली ठेवावी असं त्याच्या मनात आलं, बायकोने ठेवली तशीच. पण सगळ्यांचे डोळे त्या हातावर होते. "आला होता, आत्या," तो म्हणाला. पहाटे पाच वाजता आला, एकटा आला, त्याला इंजेक्शन देऊन परत पाठवलं, हे त्याने सांगितलं. सांगायला अर्धं मिनिटही लागलं नाही.

"काय बोलला तो?"

"म्हणाला, दादा, आईला सांगू नको. ती उगाच मिठागरापर्यंत चालत येईल."

"म्हनून नाय सांगितलंस?"

तो ‘हो’ म्हणू शकला असता. त्या मुलाचीच इच्छा होती, कुणी त्याला खोटं ठरवलं नसतं. "नाही," तो म्हणाला. "भीतीने नाही सांगितलं."

कृष्णाबाई ओरडली नाही, आणि म्हणूनच बसलेल्या कुणाला मान वर करवली नाही. दोन वर्षं तिने गणूचा राग केला होता, कारण मिथुनला शेवटचं पाणी त्याने पाजलं आणि आईला पाजता आलं नाही. गणू दारात आला तर ती तोंड फिरवायची. आपलं पोर त्या सकाळी कुणाशी एक शब्दही न बोलता गेलं असंच तिला वाटत होतं.

"आनि त्याचं बोलनं तुज्याकडं व्हतं," ती म्हणाली. "तू कागदावर लिवलंस. हिनं खारघरला सांगितलं. टीव्हीत सांगितलं. माज्या पोराचं बोलनं सगल्या दुनियेनं आयकलं, मना सोडून. अवदूत, मना तुजा हेवा वाटतंय रे. शेवटचा तुज्याशी बोलला तो."

*

यानंतर घरात जी उलथापालथ झाली ती तासाभरात झाली.

जीवनने पहिल्यांदा मांडवाच्या तोंडाचा पडदा लावून घेतला आणि सगळ्यांना बजावलं की ही गोष्ट इथून बाहेर जायची नाही. उरणकडच्यांच्या कानावर गेलं तर पूर्वीच्या लग्नाचं काय? दादाच्या दवाखान्याचं काय? पंधरा मिनिटांपूर्वी वहिनीचं कौतुक करणारा जीवन आता दादाच्या शेजारी चिकटून बसला होता. पण खरी पालटली ती सखूबाई. सकाळपासून जी सून डोळ्यांत सलत होती, तिचाच हात तिने दोन्ही हातांनी धरला. उद्या तूच बोल, म्हणाली. आजवर बोललीस तसंच बोल, तुझ्याच नावावर बोल. टीव्हीवर ये, पेपरात ये, पाटीवर तुझं नाव वर लाव, मी एक शब्द बोलणार नाही. माझ्या पोराला तेवढं मधे आणू नकोस.

किशोरीला हसू आलं आणि रडूही आलं. गेली पंधरा वर्षं जे या बाईच्या तोंडून ऐकायची तिची इच्छा होती, ते आज मिळत होतं, आणि घेता येत नव्हतं.

"आई, मी त्याला हात लावलेला नाही," ती म्हणाली. "मी आतापर्यंत खोटं बोलले. उद्या नाही बोलणार."

मग तिने सगळ्यांच्या देखत कुमुदताईंना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा स्पीकर चालू केला. काय झालं ते सांगितलं, स्वतःचं खोटंही सांगितलं. मग कुमुदताई म्हणाल्या, वर्गातल्या तुझ्या जागेचं काय करायचं ते मी नंतर बघेन. समितीपुढची तीन मिनिटं मात्र वाया घालवायची नाहीत, ती पुन्हा वर्षभर मिळणार नाहीत. ज्याने तपासलं तो येतो का, तेवढं विचार.

किशोरीने विचारलं नाही. फोन हातात धरून ती अवधूतकडे बघत राहिली. अवधूत आत्याकडे बघत होता.

पाच महिने त्याला ती जागा हवी होती. रात्री झोपेत हवी होती, दाढी करताना हवी होती. आरशापुढे उभं राहून त्याने ‘सन्माननीय सदस्यहो’ म्हणून पाहिलं होतं. आता ती जागा समोर होती, आणि तिथे जाऊन उभं राहायचं म्हणजे अलिबागच्या दहा अनोळखी माणसांपुढे, पत्रकारांपुढे, आपल्या तोंडाने म्हणायचं, की मी माझ्या आत्याच्या मुलाला पित्ताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. त्यानंतर त्याच्या दवाखान्यात कोण येईल, हे जीवन पुन्हा पुन्हा विचारत होता, आणि त्याचं विचारणं बरोबरच होतं.

"नाय गेलास तर मी काय करनार नाय," कृष्णाबाई म्हणाली. "तुज्या दारात येऊन बोंब नाय मारनार. पन गेलास तर त्याचं नाव घे. हिनं इतके दिस ‘येक तरुन’, ‘येक तरुन’ केलं. येक तरुन नवता तो."

"जातो, आत्या," अवधूत म्हणाला.

सखूबाई उठून आत गेली. आतून तिच्या भांडी आपटण्याचा आवाज येत राहिला.

कृष्णाबाई मात्र हलली नाही. आत्ताच बोल, म्हणाली, माज्यापुढं बोल. अवधूत उभा राहिला, घसा साफ केला आणि म्हणाला, "माझं नाव डॉक्टर अवधूत घरत. गेली सोळा वर्षं मी पनवेल परिसरात..."

"पयलं त्याचं नाव."

त्याने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा स्वतःच आधी आला. तिसऱ्यांदा ‘मिथुन’ म्हणाला आणि पुढे बोलता येईना. पाणी प्यायला. चौथ्यांदा तो थेट शेवटपर्यंत गेला. आवाज बसलेला होता, आकडे विसरला होता, दोन वाक्यं अर्धीच राहिली, हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. खारघरच्या वर्गात पहिल्याच दिवशी हसू झालं असतं असं बोलणं. पण मघाशी तोंडं लपवून बसलेली माणसं आता त्याच्याकडे बघत होती, जीवनसुद्धा. कृष्णाबाई ओठ हलवत होती. त्याच्या पाठोपाठ ती मिथुनचं वाक्य पाठ करून घेत होती, दादा, आईला सांगू नको.

किशोरी मांडवाच्या खांबाला टेकून, हातातल्या घड्याळावर वेळ लावत उभी होती. पाच महिन्यांत तिला असं कुणी ऐकलं नव्हतं. टाळ्या पुष्कळ मिळाल्या होत्या, पण असं नाही. शिकली ती होती, राबली ती होती, घडाघडा बोलायची ती. आणि इतकं सगळं कळूनही, इतकी लाज वाटूनही, या अडखळणाऱ्या माणसाचा तिला सपशेल हेवा वाटला. तिने घड्याळावरची नजर काढली नाही.

"तीन मिनिटं चाळीस सेकंद झाली," ती म्हणाली. "चप्पल ठेवा. तुमची सोळा वर्षं कापा."